एकाच्या डोक्यातलं रक्त काढलं, दुसऱ्याचं का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: घणसोलीत राहणारे वडील, वय ६८. बीपीची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून दोन महिने बंद. काल संध्याकाळी सातच्या सुमाराला उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं बंद झालं. सीटी स्कॅनचा रिपोर्ट सांगतो, डाव्या बेसल गँग्लियात (मेंदूच्या आतला खोल भाग) २२ मिली रक्तस्राव. न्यूरोसर्जन म्हणतात ऑपरेशन नको, आयसीयूत लक्ष ठेवू. पण कळव्याच्या चुलत्यांच्या (वय ७४) डोक्यात गेल्या वर्षी रक्त झालं, तेव्हा कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं आणि पाचव्या दिवशी ते घरी आले. मग त्यांचं काढलं, यांचं का नाही? दुसरीकडे हलवायचं का? गाठ विरघळवायचं इंजेक्शन का देत नाहीत?

आधी इंजेक्शनचं बघू, कारण त्याचं उत्तर एका ओळीत संपतं. साडेचार तासांच्या आत द्यायचं म्हणतात ते इंजेक्शन रक्तवाहिनी तुंबून आलेल्या पॅरालिसिसचं आहे. तुमच्या वडिलांची वाहिनी तुंबलेली नाही, फुटलेली आहे. त्यांना ते दिलं तर रक्तस्राव वाढेल. हात-पाय लुळे पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं जाणं ही लक्षणं दोन्हींत सारखीच असतात. ती बघून वाहिनी तुंबली की फुटली, हे भल्याभल्या डॉक्टरलाही ठामपणे सांगता येत नाही, सीटी केल्यावरच कळतं. म्हणूनच सीटीच्या आधी घरी इकोस्प्रिन (रक्त पातळ करणारी गोळी) द्यायची नाही.

आता चुलत्यांचं. 'डोक्यात रक्त झालं' हे निदान नव्हे, 'घरात पाणी शिरलं' म्हणण्यासारखं आहे. पाणी गच्चीतून झिरपलं, नळ फुटला की गटार तुंबलं, त्यावर प्लंबर बोलवायचा की गवंडी हे ठरतं. इथंही रक्त कुठल्या कप्प्यात आहे, किती आहे, किती जुनं आहे आणि कशामुळे आलं, या चार गोष्टींवर सगळं ठरतं.

कवटीच्या आत मेंदूवर एक जाड आवरण असतं, त्याला ड्युरा म्हणतात. रक्त कवटी आणि ड्युराच्या मध्ये साचू शकतं (एक्स्ट्राड्युरल), ड्युराच्या खाली मेंदूच्या पृष्ठभागावर साचू शकतं (सबड्युरल), ड्युराच्या आतल्या नाजूक पडद्याखालच्या पाण्यात मिसळू शकतं (सबअ‍ॅरॅक्नॉइड), किंवा थेट मेंदूच्या मांसात होऊ शकतं. चुलत्यांचं बहुधा दुसऱ्या कप्प्यातलं होतं, आणि तेही जुनं. वडिलांचं मेंदूच्या आत, खोलवर, आणि ताजं.

जुन्या सबड्युरलची गोष्ट अशी असते. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो आणि त्याच्यापासून ड्युराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. बाथरूममध्ये घसरणं, कपाटाचं दार लागणं, एवढ्यानंही एखादी शीर फाटते. रक्त थेंबाथेंबानं साचतं. त्याभोवती एक पातळ पडदा तयार होतो, त्या पडद्यातल्या नव्या वाहिन्या पुन्हा झिरपतात, आणि तीन-चार आठवड्यांत ते पातळ, काळपट, जुन्या इंजिन ऑइलसारखं होतं. एव्हाना पडल्याचं घरातले विसरलेले असतात. म्हातारा माणूस सुस्त झाला, चप्पल पायातून निसटते, बोलण्यात गोंधळ होतो, म्हणजे 'आता वय झालं' असं समजून आणखी आठवडा जातो. अ‍ॅसिट्रॉम, वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मार आणखी किरकोळ असला तरी पुरतो.

पातळ झालेलं रक्त काढणं तुलनेनं सोपं. कवटीला साधारण एक रुपयाच्या नाण्याहून लहान, एक किंवा दोन भोकं पाडतात. ड्युराला अधिकाच्या खुणेसारखा छेद दिला की आतलं काळपट द्रव दाबानं बाहेर येतं. मग कोमट सलाइननं धुतात, पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत, आणि एक मऊ नळी आत ठेवून दोन दिवस पिशवीला जोडतात. ही नळी ठेवणं महत्त्वाचं. २००९ सालच्या इंग्लंडमधल्या चाचणीत नळी ठेवलेल्यांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण सुमारे ९ टक्के होतं, न ठेवलेल्यांत २४ टक्के. मेंदूच्या मांसाला हातच लावलेला नसतो, फक्त त्यावरचं ओझं उतरवलेलं असतं. म्हणून माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी चालत घरी जातो.

ताजं रक्त मात्र अशा मऊ नळीतून आपसूक येत नाही. ते खरवसासारखं घट्ट असतं. ते काढायला सहसा कवटीचा तुकडा उघडावा लागतो. आणि वडिलांचं रक्त तर मेंदूत चार-पाच सेंटिमीटर आत आहे. बेसल गँग्लियाला लागूनच हात-पाय हलवणाऱ्या तंतूंची जुडी जाते. तिथं पोचायचं म्हणजे वरचा चांगला मेंदू चिरत जायचं, आणि तंतूंचं बरंचसं नुकसान सुरुवातीलाच झालेलं असतं. रक्त काढल्यानं ते तंतू जुळत नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत असे हजारावर रुग्ण होते. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी औषधोपचार. सहा महिन्यांनी फरक दिसला नाही. २०२४ मध्ये बारीक नळीवाटे रक्त काढण्याच्या एका चाचणीत फायदा दिसला, पण तो मेंदूच्या वरच्या भागातल्या, ३० ते ८० मिली रक्ताच्या रुग्णांत, २४ तासांच्या आत. खोलवरच्या रक्तात दिसला नाही. त्यामुळे 'ऑपरेशन नको' हे तुमच्या सर्जननं टाळाटाळ म्हणून सांगितलेलं नाही. ऑपरेशनची सोय असूनही न करणं हाच इथं योग्य सल्ला आहे.

२२ मिली हा आकडा कुठून आला तेही बघा, म्हणजे पुढच्या सीटीचा रिपोर्ट तुम्हाला वाचता येईल. ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं, हाडाइतकं नाही, पण मेंदूच्या राखाडीपेक्षा स्पष्ट वेगळं. ज्या छेदात ते सगळ्यात मोठं दिसतं तिथं त्याची लांबी मोजायची, समजा ४.४ सेंटिमीटर. तिला काटकोनात रुंदी, समजा ३.३. मग किती छेदांत ते दिसतं ते मोजायचं. ५ मिलिमीटरचे ६ छेद म्हणजे उंची ३ सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून दोननं भागलं की साधारण २२ मिली. एकच सावधगिरी: पुढच्या सीटीत २४ मिली आलं तर लगेच घाबरू नका, मोजणाऱ्याच्या हातानं एवढा फरक पडतो. २२ चं ३२ झालं तर मात्र रक्त खरोखर वाढलंय. साधारण एक तृतीयांश रुग्णांत ते पहिल्या दिवसात, त्यातही पहिल्या काही तासांत वाढतं. म्हणून आयसीयू आणि म्हणून दुसरा सीटी. 'तोच स्कॅन परत कशाला, बिल वाढवायला?' हा प्रश्न दरवेळी येतो. तो अनाठायी आहे.

जुन्या रक्ताचं उलट. साधारण तीन आठवड्यांनंतर ते सीटीत काळं दिसतं, आणि मधल्या एक ते तीन आठवड्यांत मेंदूच्याच रंगाचं. त्या दिवसांत घाईत पाहिलेल्या सीटीत ते निसटू शकतं, विशेषतः दोन्ही बाजूंना सारखंच असेल तर. मेंदूच्या वळ्या हाडापासून आत ढकलल्यासारख्या दिसतात एवढीच खूण असते.

मग आयसीयूत नेमकं चाललंय काय? बाहेर बसलेल्यांना वाटतं, नुसतं सलाइन लावून ठेवलंय. पण पहिल्या तासांत होणाऱ्या या साध्या कामांनीच फरक पडतो. २०२३ मध्ये दहा देशांतल्या, भारतासह, सात हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीत बीपी, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा या चार गोष्टी एकत्र, ठरलेल्या वेळात केल्यावर रुग्ण जास्त चांगले झाले. वरचं बीपी १५० ते २२० असेल तर ते शिरेतून लॅबेटॅलॉल किंवा निकार्डिपिन देऊन तासाभरात १४० च्या आसपास आणायचं आणि तिथंच, १३० ते १५० मध्ये, टिकवायचं. १३० च्या खाली ढकलायचं नाही, किडनीला फटका बसतो. बीपी एकदम कोसळवणंही तितकंच वाईट. घरात बीपी वाढलंय म्हणून जिभेखाली गोळी फोडून देण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. ती सोडा.

वडिलांचं अ‍ॅसिट्रॉम चालू असतं तर व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश आणि सोबत पीसीसी नावाचं रक्तघटकांचं इंजेक्शन दिलं असतं. ते नसेल तर प्लाझ्मा, किलोमागे १० ते १५ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तीन-चार पिशव्या, आणि त्या वितळवून चढवण्यात तास जातात. नुसतं व्हिटॅमिन के देऊन थांबणं ही नेहमीची चूक, कारण त्याचा परिणाम यायलाच काही तास लागतात. इकोस्प्रिनवर असलेल्याला, ऑपरेशन करायचं नसेल तर, प्लेटलेट चढवू नयेत. २०१६ च्या चाचणीत त्यानं नुकसानच दिसलं.

मॅनिटॉल, म्हणजे डोक्यातला दाब उतरवायचं सलाइन, त्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. १०० मिलीची बाटली दर आठ तासांनी सगळ्यांनाच, अशी पद्धत पडून गेली आहे. डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणं असतील तरच ते द्यावं, नाहीतर लघवीवाटे पाणी जाऊन किडनी आणि सोडियमचा घोळ होतो. या रक्तस्रावात स्टेरॉइडचा तर उपयोगच नाही. फिट आली नसेल तर फिटचं औषधही सर्रास लागत नाही.

तुमच्या हातात असलेली एक गोष्ट: वडिलांच्या तोंडात काही घालू नका. चमचाभर नारळपाणी, प्रसादाचं तीर्थ, चहाचा घोट, यातलं काहीही. गिळण्याची तपासणी होईपर्यंत ते अन्ननलिकेऐवजी फुफ्फुसात जाऊ शकतं आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया होतो. असे रुग्ण या न्यूमोनियानंही खूप खंगतात. नाकातून रायल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी) घातली तर तिला नाही म्हणू नका, डोकं ३० अंश वर ठेवलेलं असेल तर उशी काढून आडवं करू नका, आणि दर दोन तासांनी कूस बदलली जातेय ना, हे भेटीच्या वेळी विचारा.

शुद्धीचा आकडा रोज सांगतील. जास्तीत जास्त गुण असे: डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, एकूण १५. डाव्या मेंदूत रक्त असल्यानं वडिलांचं बोलणंच गेलंय, म्हणजे ते टक्क जागे असले तरी बोलण्याचा किमान १ च गुण मिळून बेरीज ११ भरेल. त्यामुळे बेरजेपेक्षा 'डोळे हाकेला उघडतात का आणि डाव्या हातानं सांगितलेलं करतात का' हे विचारा. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी थोडी झोप वाढली तर लगेच 'पुन्हा फुटली' असं समजू नका. रक्ताभोवतीची सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्यानं आणि नंतरही आठवडाभर वाढत राहते. सोडियम खाली गेल्यानंही झोप येते. सीटी आणि रक्ततपासणी दोन्ही बघावं लागतं.

ऑपरेशनचा निर्णय उलटूही शकतो. शुद्धी घसरत गेली, एका डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि टॉर्चला आकसत नाही, पुढच्या सीटीत रक्त बरंच वाढलं, तर जीव वाचवण्यासाठी कवटी उघडावी लागते. हात-पाय परत येतील या आशेनं ते करत नाहीत, हे आधी समजून घेऊन मगच सही करा. रक्त मेंदूच्या पाण्याच्या पोकळीत शिरून वाट तुंबली तर बारीक नळी घालून पाणी बाहेर काढतात. त्या नळीची बाटली कानाच्या पातळीपासून ठरावीक उंचीवर, बहुधा १० ते १५ सेंटिमीटर वर टांगलेली असते. कुणी प्रेमापोटी पलंग वर केला आणि बाटली होती तिथंच राहिली, तर पाणी भसाभस निघून जातं आणि तेवढ्यानं नवा रक्तस्राव होऊ शकतो. पलंगाचं हँडल सिस्टरशिवाय कुणी फिरवायचं नाही.

आणि एक जागा अशी, जिथं थांबणं चूक. मागच्या बाजूचा छोटा मेंदू. तिथं १५ मिली किंवा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठं रक्त, आणि श्वासाच्या केंद्रावर दाब, तर रात्री दोन वाजताही ऑपरेशन. त्याची सुरुवात फसवी असते: उलट्या, चक्कर, चालताना झोकांड्या. हात-पाय लुळे नसतात, म्हणून अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं.

कवटी आणि ड्युरामधलं रक्त तसंच. घोडबंदर रोडवर किंवा मुंब्रा बायपासला बाइकवरून पडलेला तरुण उठून बसतो, बोलतो, 'मी ठीक आहे' म्हणतो, आणि दोन तासांनी बेशुद्ध होतो. कानशिलाच्या हाडाखालची धमनी फुटलेली असते. ३० मिलीपेक्षा जास्त असेल तर शुद्धी कशीही असो, काढतात. वेळेत काढलं तर बहुधा पूर्ण बरा होतो, म्हणून याच्याइतकी घाई दुसऱ्या कशातच नाही.

दुसरीकडे हलवायचं का? तुम्ही आहात तिथं चोवीस तास सीटी, न्यूरोसर्जन आणि आयसीयू असेल, तर पहिल्या दोन दिवसांत नाही. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा ऐरोली पुलावर अडकलेल्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बीपी १९० ला गेलं तर मोठ्या नावाच्या हॉस्पिटलचा काही उपयोग नाही. यांतली एखादीही सोय नसेल तर मात्र लगेच हलवा. पण समोरच्या डॉक्टरशी डॉक्टरनंच बोलून बेड पक्का झाल्यावर, बीपीचं औषध पंपावर चालू ठेवून, सोबत डॉक्टर असलेल्या अ‍ॅम्ब्युलन्समधून. शुद्धीचा आकडा ८ किंवा कमी असेल तर श्वासनळीत नळी निघण्याआधीच घालायची, कळवा नाक्याच्या सिग्नलला नाही. सीटीची फक्त फिल्म नको, सीडी घ्या. गोळ्यांच्या पट्ट्या आणि शेवटचा डोस कधी घेतला, हे कागदावर लिहून द्या. खर्चाची अडचण असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, मंजुरी मागाहून मिळवणं त्रासाचं होतं. आणि हॉस्पिटल योजनेत आहे का ते हलवण्याआधी विचारा.

वडिलांच्या वयात, बीपी असताना, नेमक्या या जागी रक्त झालं तर कारण बहुतेक वेळा बीपीच असतं. बारीक धमन्या वर्षानुवर्षांच्या दाबानं कुजतात आणि एक दिवस फुटतात. वय कमी असतं, बीपी नसतं किंवा रक्त मेंदूच्या वरच्या भागात असतं, तर रंग सोडून सीटी अँजिओ, प्रसंगी मांडीतून किंवा मनगटातून अँजिओग्राफी करून वाहिन्यांचा गुंता किंवा वाहिनीला आलेला फुगा शोधावा लागतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत बाईचं डोकं सतत दुखतंय, फिट आली आणि सीटीत रक्त दिसलं, तर मेंदूतून रक्त परत नेणारी शीर तुंबलेली असू शकते. तिथं रक्त दिसत असूनही उपचार म्हणून हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारंच औषध देतात. नातेवाईक हादरतात, पण तेच बरोबर असतं.

पडद्याखालच्या पाण्यातलं (सबअ‍ॅरॅक्नॉइड) रक्त हे बहुधा असा फुगा फुटल्याचं. मिनिटभरात कळस गाठणारी, आयुष्यात कधी अशी दुखली नव्हती अशी डोकेदुखी, मान ताठ, उलटी. पहिल्या सहा तासांत चांगल्या मशिनवर केलेला सीटी ते जवळजवळ नेहमीच दाखवतो. रुग्ण नंतर आला आणि सीटी स्वच्छ असेल तर पाठीतून पाणी काढून बघायचं. फुगा शक्यतो २४ तासांत बंद करायचा, आतून धातूच्या तारा भरून किंवा बाहेरून चिमटा लावून, कारण दुसऱ्यांदा फुटला तर बरेच जण वाचत नाहीत. निमोडिपिन ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, २१ दिवस. रात्रीचा डोसही चुकवायचा नाही, कारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात वाहिन्या आकुंचन पावून नवा पॅरालिसिस येऊ शकतो.

वडिलांच्या पुढच्या वाटचालीबद्दल पहिल्या दोन दिवसांत कुणीही ठाम भाकीत करू नये, आणि 'आता काही उरलं नाही, मशिन काढा' असा निर्णय तर मुळीच घेऊ नये. २२ मिली रक्त काही आठवड्यांत आपोआप शोषलं जाईल. परिस्थिती स्थिर झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पलंगावरच फिजिओथेरपी सुरू करता येते. पहिल्या २४ तासांत उभं करण्याची घाई नको. पायांना हवेच्या पिशव्यांचा पंप लावतात तो गाठी होऊ नयेत म्हणून. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट वेगळा लागतो, फिजिओथेरपिस्टचं ते काम नव्हे. चालणं बोलण्याच्या आधी येऊ शकतं किंवा उलट. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त होते, पण नंतरही थांबत नाही.

घरी आल्यावर बीपी कायम १३०/८० च्या आत ठेवायचं. गोळी बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद करायची नसते, ते गोळीमुळे नॉर्मल आलेलं असतं. मशिन दंडावर लावायचंच घ्या, मनगटाचं नको. पट्ट्याची फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी वेढणारी हवी, तोकडी असली तर आकडा खोटा जास्त येतो. पाच मिनिटं शांत बसवून, पाय जमिनीला टेकवून, सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री, दोन-दोन वेळा मोजा. आणि मोजायचं डाव्या, चांगल्या हातावर. लुळ्या हातावरचा आकडा धरायचा नाही.